मुलांना ढग कसा समजावून सांगायचा? (सिंहगडावर न सापडलेला ढग)

धायरीफाटा

गेल्या रविवारी सिंहगडावर गेलो होतो. सकाळी गच्चीतून पाहिलं तर गडाच्या माथ्यावर ढग बसलेला, टॉवर पूर्ण बुडालेला. माझी लेक सहा वर्षांची, पहिलीत आहे. तिला म्हटलं, "आज आपण ढगात जायचं." गाडीत सगळा रस्ता ती हेच बोलत होती. वर पोचलो तर दहा पावलांपलीकडचं दिसेना, केसांवर आणि पापण्यांवर बारीक पाणी. आम्हाला मजा वाटली, पण ती रडवेली झाली. "आई, हे तर धुकं आहे. ढग कुठे गेला?"

मी म्हटलं, अगं हाच ढग. तर म्हणे, मग मऊ का नाही, हातात का येत नाही? भजी आणि मडक्यातलं दही खाऊन खाली उतरलो. गोळेवाडीपाशी तिने मागे वळून पाहिलं तर ढग गडावर जसाच्या तसा. "बघ, आपण निघाल्यावर परत आला!"

रात्री झोपताना तिला शाळेच्या पुस्तकात असतं तसं सांगितलं. उन्हाने पाण्याची वाफ होते, वाफ वर जाते, तिचा ढग होतो, मग पाऊस. तिने विचारलं, "वाफ म्हणजे कुकरची? मग ढग भाजतो का? मला तर गार लागला."

इथे माझं उत्तर संपलं. तेव्हापासून विचार करतेय की आपण मुलांना जे सांगतो ते आपल्याला तरी नीट कळलंय का. तुम्ही तुमच्या मुलांना, नातवंडांना, वर्गातल्या पोरांना ढग कसा सांगता? अनुभव हवेत, प्रयोग हवेत, आणि आमचं कुठे चुकतंय तेही सांगा.

कोथरूडची आजी

ताई, लेकीचं निरीक्षण फार छान आहे. तिला "धुकं नाही, ढग आहे" असं सांगू नका. दोन्ही एकच. जमिनीला टेकलेला ढग म्हणजे धुकं, एवढंच. गावाकडून पाहणाऱ्याला तो ढग, गडावर उभं असलेल्याला धुकं. तिला सांगा, तू बरोबर ओळखलंस, आणि ढगही कुठे गेला नव्हता.

गडगडलं की आमची आई म्हणायची, आभाळात म्हातारी हरभरे भरडतेय. मी नातवाला तेही सांगते आणि खरं कारणही सांगते. त्याला दोन्ही हवं असतं.

रामनदी

हवामान निरीक्षणाच्या कामात आयुष्य गेलं, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून जरा लांब लिहितो.

तुमच्या लेकीने जिथे बोट ठेवलंय तिथे मोठी माणसंही अडतात, आणि त्याला बऱ्याच अंशी आपला "वाफ" हा शब्द कारणीभूत आहे. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना वाफच म्हणतो. एक, पाण्याचा वायू, पुस्तकात ज्याला बाष्प म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही. आत्ता तुमच्या खोलीत आहे, जुलैत तर भरपूर आहे, पण दिसतोय का? दुसरी, चहाच्या भांड्यावर दिसते ती पांढरी वाफ. ती वायू नाहीच. ते पाण्याचे अतिशय बारीक थेंब आहेत. गरम बाष्प बाहेरच्या गार हवेत आलं, निवलं, आणि त्याचे थेंब झाले.

हे दाखवायला चोचीची किटली घ्या. पाणी खळखळ उकळू द्या आणि मुलाला लांबून, ओट्यापासून दोन हात मागे उभं करून, चोचीच्या अगदी तोंडाशी बघायला सांगा. तिथे बोटभर जागा मोकळी दिसते, काहीच नसल्यासारखी. पांढरं त्यानंतर सुरू होतं. त्या मोकळ्या जागेत खरं बाष्प आहे, आणि तेच सर्वांत जास्त भाजतं. पांढरा भाग म्हणजे छोटासा ढग. आणखी वर तो विरून जातो, कारण थेंब पुन्हा बाष्प होऊन हवेत मिसळतात. न दिसणारं, मग दिसणारं, मग पुन्हा न दिसणारं. सगळी गोष्ट एका किटलीत दिसते.

म्हणून "वाफेचा ढग होतो" याऐवजी "हवेतलं न दिसणारं पाणी गार झालं की त्याचे बारीक थेंब होतात, त्या थेंबांचा घोळका म्हणजे ढग" असं सांगा. मग ढग गार का लागला ते वेगळं सांगावं लागत नाही. गार झाल्याशिवाय तो होतच नाही.

तिसरीची बाई

रामनदी काकांचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवणार आहे. माझी एक भर.

"हवेत पाणी आहे" हे मुलांना पटतच नाही. मी उन्हाळ्यात स्टीलच्या पेल्यात बर्फ घालून ठेवते. बाहेरून थेंब येतात. हे पाणी कुठून आलं विचारलं की निम्मा वर्ग एका आवाजात म्हणतो, "आतून झिरपलं, माठासारखं!" ही चूक नाही हो. त्यांनी घरी माठ पाहिलाय, माठ खरोखर झिरपतो. त्यांच्याजवळचा पुरावा त्यांना तेच सांगतो. म्हणून मी पेल्यात पाण्याऐवजी कोकम सरबत भरते. आत लालचुटूक, आणि बाहेरचे थेंब? बोटाने पुसून पांढऱ्या रुमालाला लावा, डाग नाही. आतून आलं असतं तर लाल आलं असतं. मग एखादं मूल हळूच म्हणतं, "बाई, मग हवेतून?" ते वाक्य मी कधीच आधी बोलत नाही. त्यांच्याकडून येईपर्यंत थांबते, मग एक तास गेला तरी चालेल.

माठाचं नंतर घेते. माठातलं पाणी बाहेर झिरपतं आणि हवेत उडून जातं, पेल्यावर हवेतलं पाणी येऊन बसतं. दोन उलट गोष्टी शेजारी ठेवल्या की मुलं फार रमतात.

भिडेपूल

मोबाईलवर सगळीकडे फिरतो तो प्रयोग सांगायचा राहिला. काचेच्या ग्लासात पाणी, वर दाढीचा फेस, त्यावर निळा खाण्याचा रंग थेंब थेंब टाकायचा. थोड्या वेळाने फेसाखाली निळा "पाऊस" उतरतो. आमच्या मुलाच्या शाळेत प्रकल्प म्हणून करायला दिला होता. दिसायला सुंदर आहे, पाच मिनिटांत होतो.

कवडसा

भिडेपूल, मला तो प्रयोग मनापासून नको वाटतो. त्यातून मूल काय शिकतं? ढग हा स्पंज आहे, वरून कोणीतरी त्यात पाणी ओततं, भरला की गळतो. यातली एकही गोष्ट खरी नाही. माझ्या भाच्याने तो प्रयोग केला आणि वर्षभर सांगत होता की ढग "फुल्ल" झाला की पाऊस पडतो.

भिडेपूल

सहा वर्षांच्या मुलाला इतकं अचूक कशाला हवं? रंग बघून त्याला ढगाची गोडी लागली तरी पुरे. बारकावे सातवी-आठवीत येतीलच.

रामनदी

गोडी लागली पाहिजे हे भिडेपूल यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण सातवीत येणाऱ्या मुलाच्या डोक्यात आधीच एक स्पंज बसलेला असतो आणि तो काढणं नवीन शिकवण्यापेक्षा अवघड जातं. कमी सांगा, पण जे सांगाल ते पुढे पुसावं लागू नये.

पाऊस कसा पडतो ते लहानांनाही सांगता येतं. ढगातला एक थेंब साधारण ०.०२ मिलिमीटरचा. पावसाचा थेंब २ मिलिमीटरचा धरा. रुंदीत शंभरपट, म्हणजे आकारमानात दहा लाखपट. ढगातले दहा लाख थेंब एकत्र आले की पावसाचा एक थेंब. मुलाच्या तळहातावर मोहरीचा दाणा ठेवा आणि समोर फुटबॉल ठेवा. ढगातला थेंब मोहरीएवढा मानला तर पावसाचा थेंब जवळजवळ फुटबॉलएवढा होतो. ढगात मोठे थेंब लहान थेंबांना धडकत, गिळत वाढतात आणि जड झाले की खाली येतात. सह्याद्रीवरचा पावसाळी पाऊस मोठ्या प्रमाणात असाच, कमी उंचीच्या ढगांतून, बर्फाशिवाय पडतो. उंच वाढणाऱ्या वळवाच्या ढगांत बर्फाचे कणही कामाला लागतात, म्हणून गारा.

खिडकीच्या काचेवर पावसाचे थेंब घरंगळताना पाहिलेत ना? एक थेंब दुसऱ्याला गाठतो, मोठा होतो, मग एकदम धावतो. स्पंजापेक्षा ते दाखवा. पैसे लागत नाहीत.

दोन मुलांचा बाबा

आमच्याकडचा ठरलेला प्रश्न: ढगात एवढं पाणी आहे तर तो खाली का पडत नाही? मी "हलका असतो म्हणून" सांगतो. बरोबर आहे का?

कवडसा

पूर्ण बरोबर नाही. दुपारी फुगतो तसा पांढरा कापशी ढग एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच धरा. त्यात घनमीटरला साधारण अर्धा ग्रॅम पाणी असतं. गुणाकार केला की ५ लाख किलो, म्हणजे ५ लाख लिटर. आपल्या सोसायट्यांत येतात तसे १०,००० लिटरचे ५० टँकर! माझ्या भाच्याला हा हिशेब सांगितला तेव्हा तो खिडकीतून हलायला तयार नव्हता.

मग पडत का नाही? पडतो, पण अतिशय हळू. एवढासा थेंब सेकंदाला साधारण एक सेंटिमीटर खाली येतो. त्या वेगाने एक किलोमीटर यायला जवळजवळ दिवस लागेल, आणि खालच्या कोरड्या हवेत तो वाटेतच विरेल. शिवाय खालून वर येणारी हवा त्याला उचलून धरते. घरात उन्हाचा कवडसा पडला की त्यात धूळ तरंगताना दिसते. धूळ हवेपेक्षा जडच असते, तरी तरंगते. मुलाला तो कवडसा दाखवा आणि हळूच फुंकर मारू द्या.

धायरीफाटा

सगळ्यांचे खूप आभार. किटलीचा प्रयोग काल केला. "इथे काहीच नाही" त्या जागेकडे ती इतका वेळ बघत राहिली! पण "आपण गेल्यावर ढग परत आला" हे अजून सुटलेलं नाही.

वेल्ह्याचा मास्तर

ताई, आमची पोरं रोज तोरणा ढगात जाताना बघतात. मी त्यांना पालखीचं उदाहरण देतो. तुम्ही पुण्यात आहात, तुम्हाला जास्त सोपं.

पालखी शहरात येते तेव्हा लांबून, एखाद्या पुलावरून बघितलं की पांढऱ्या टोप्यांची सलग नदी दिसते. आत शिरलं की? पुढच्या माऊलीची पाठ आणि शेजारची तुळस, बास. पालखी कुठे गेली म्हणून कोणी रडत नाही, कारण आपण तिच्यातच असतो. ढगाचंही तसंच. आत असताना जवळचे थोडेच थेंब दिसतात, लांबून सगळे मिळून पांढरे दिसतात.

दुसरी गंमत. पुलावरून तासभर बघा, पालखीची नदी तिथेच दिसते, पण माणसं सारखी पुढे सरकत असतात. गडावरचा ढगही असाच. समुद्राकडून आलेला वारा डोंगराला अडतो, वर चढतो, गार होतो, थेंब होतात. पलीकडे उतरताना हवा तापते, थेंब विरतात. ढग जागच्या जागी दिसतो, थेंब मात्र दर क्षणी नवे. तुमच्या लेकीने खालून पाहिलेला ढग तिला वर भेटलेला नव्हताच म्हणा ना. ती उतरेपर्यंत त्यातले थेंब केव्हाच बदलले होते.

रामनदी

मास्तर, तुमचं उदाहरण मी आता सगळ्यांना सांगणार.

सिंहगडाचा हिशेबच मांडतो, चौथी-पाचवीच्या मुलांना करता येईल. तापमान आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे थेंब व्हायला लागतात ते, यांतला फरक काढा आणि १२५ ने गुणा. साधारण तेवढे मीटर वर ढगाचा तळ. जुलैत पुण्यात तापमान २७, दवबिंदू २२ असेल तर फरक ५, म्हणजे ६२५ मीटर. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. बेरीज ११८५. सिंहगडाचा माथा साधारण १३०० मीटर. म्हणून गड ढगात! मे महिन्यात ३८ आणि १४ धरा. फरक २४, तळ पुण्याच्या ३००० मीटर वर. गड लख्ख दिसतो आणि वळवाचा ढग त्याच्या खूप वर उभा असतो. दुपारच्या कापशी ढगांचे तळ एका रेषेत, पट्टी लावून कापल्यासारखे का दिसतात याचंही हेच उत्तर. त्या उंचीच्या खाली थेंब टिकत नाहीत.

ढगात जाऊन काम करायला नेहमी विमान लागतंच असं नाही. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभारली. पावसाळ्यात ढग आपणहून तिथल्या उपकरणांत येतो. मुलांना हे सांगा, की ज्या ढगात तू भजी खाल्लीस तसाच ढग मोजायला माणसं महिनोन् महिने डोंगरावर राहतात. आणि शिवाजीनगरला सिमला ऑफिसच्या चौकातून जाताना गाडी थोडी हळू करा. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, त्यावरून ते नाव पडलं. अण्णा मणी १९४८ मध्ये तिथेच रुजू झाल्या आणि हवामानाची उपकरणं आपल्या देशात बनावीत म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं.

तिसरीची बाई

बाटलीतला ढग कोणी लिहिला नाही, म्हणून लिहिते. शीतपेयाची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली, तळाला दोन-तीन चमचे कोमट पाणी. झाकण लावून हलवा. मग उघडून तोंडाशी पेटती अगरबत्ती धरा (मोठ्यांनीच), थोडा धूर आत जाऊ द्या, झाकण घट्ट लावा. बाटली दोन्ही हातांनी जोरात दाबा, पाच अंक मोजा, एकदम सोडा. आत पांढरा ढग! पुन्हा दाबा, गायब. सोडा, हजर.

दाबली की आतली हवा थोडी तापते, सोडली की पसरते आणि गार होते. सायकलचा पंप मारताना गरम होतो, तसंच. खरी हवाही वर जाताना पसरते, कारण वर दाब कमी, आणि म्हणून गार होते.

महत्त्वाचं हे की आधी धुराशिवाय करून बघा. ढग जवळजवळ दिसतच नाही. थेंबाला बसायला पाट लागतो! धुराचा, धुळीचा, समुद्राच्या मिठाचा कण. १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन यांनी दोन काचपात्रं घेतली, एकात साधी हवा, दुसऱ्यात कापसातून गाळलेली, आणि दोन्हींत वाफ सोडली. साध्या हवेत दाट धुकं झालं, गाळलेली हवा स्वच्छच राहिली. हे सांगितल्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग प्रत्येक थेंबाच्या पोटात धूळ असते?" हो, काहीतरी असतंच.

दोन मुलांचा बाबा

गडगडाटाबद्दल मीही "ढग ढगावर आपटतात" असंच सांगत आलोय.

कवडसा

थेंबांचे घोळके कितीही आपटले तरी आवाज होणार नाही. वीज जाते त्या वाटेवरची हवा क्षणात ३०,००० अंशांच्या आसपास तापते आणि दणक्यात फुगते, तोच गडगडाट. मुलांना वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत मोजायला लावा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. भीती मोजण्यात निघून जाते, हा आमचा घरचा अनुभव. पण आकडा तीसच्या खाली आला की घरात यायचं, झाडाखाली थांबायचं नाही, हे त्याच वेळी शिकवा. पाषाणच्याच संस्थेचं दामिनी हे विजेची सूचना देणारं ॲप फोनवर असू द्या.

भिडेपूल

काल मुलाबरोबर अगरबत्तीचा ढग केला. पंचवीस-तीस वेळा तरी दाबली असेल बाटली. फेसाच्या प्रयोगाबद्दल माझं मत बदललं. त्यात मूल नुसतं बघत बसतं, इथे ढग त्याच्या हातात असतो.

आता त्याचा प्रश्न: पांढऱ्या थेंबांचा काळा ढग कसा होतो?

रामनदी

थेंब काळे होत नाहीत. थेंब उजेडातले सगळे रंग सारखेच विखरतात म्हणून ढग पांढरा. जाड झाला की वरचा उजेड खालपर्यंत पोचत नाही, तळ काळा दिसतो. विमानातून त्याच ढगाचा माथा पांढराशुभ्र दिसतो. टिश्यू पेपर खिडकीसमोर धरा, मग एकावर एक वीस ठेवा.

वेल्ह्याचा मास्तर

ढगांची नावं पाठ करून घेऊ नका, एवढी विनंती. ल्यूक हॉवर्ड नावाच्या लंडनच्या औषध व्यावसायिकाने १८०२ मध्ये ढगांना लॅटिन नावं दिली, तीही साध्या दिसण्यावरून. सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रेटस म्हणजे थर. आमची पोरं स्वतःची नावं देतात. पिंजलेला, खळ्यातला, गोधडी. एकाने भाताच्या खाचरांसारख्या ओळींना "लावणी" म्हटलं. वर्षभर वहीत तीच नावं चालतात, लॅटिन नंतर जोडून घेतो. गोधडी आणि स्ट्रेटस एकच, हे त्यांना लगेच कळतं.

धायरीफाटा

मास्तरांचं वाचून आम्ही गच्चीच्या दाराला एक वही टांगली आहे. रोज सकाळी शाळेच्या आधी गडाकडे बघायचं आणि लिहायचं. पहिल्या दिवशी तिने "गड नाही" लिहिलं, मग खोडून "गड आहे पण ढगात आहे" केलं. तापमान आणि दवबिंदू मी फोनवर बघून सांगते, गुणाकार तिचे बाबा करतात, बेरीज ती बोटांवर. पाच दिवसांत तीनदा हिशेब जुळला. एकदा ढग हिशेबापेक्षा खाली होता, तेव्हा पाऊस चालू होता.

पालखीचं उदाहरण तिला पूर्ण पटलं. आता पुन्हा गडावर जायचा हट्ट आहे, आणि या वेळी एक चाळणी बरोबर न्यायची आहे, थेंब अडकतात का बघायला. आजची नोंद: "गड अर्धा. टॉवर नाही. ढग गोधडी."

रामनदी

चाळणीपेक्षा मच्छरदाणीचा तुकडा न्या, काठीला बांधून वाऱ्यासमोर धरा. खाली वाटी ठेवा. किती मिनिटांत किती पाणी जमलं ते इथे नक्की लिहा.